नऊ-नऊची अट

डॉ. माक्स यूवे हे हॉलंडचे. पेशाने गणिताचे शिक्षक, एके काळचे स्वतः बुद्धिबळाचे जगज्जेते, आणि १९७० ते १९७८ या काळात फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष. या कारकिर्दीत दोन-अडीच वर्षांच्या अंतराने त्यांच्यापुढे दोन प्रश्न आले. पहिला अमेरिकेच्या बॉबी फिशरचा. तो जगज्जेता होता, आणि सोव्हिएत संघाच्या अनातोली कार्पोवशी विजेतेपदाचा सामना खेळण्याआधी त्याने तीन अटी घातल्या होत्या. दुसरा मुंबईच्या रोहिणी खाडिलकरचा. वय १३. ही मुलगी १९७६ साली राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांच्या पंक्तीला बसून खेळली आणि त्यावरून गदारोळ उठला. फिशरच्या अटींवर जगभर रकानेच्या रकाने छापून आले, पुस्तकं निघाली. रोहिणीचं प्रकरण आज महाराष्ट्रातही फारसं कुणाला आठवत नाही. तरीही खेळाडूची कुठली मागणी रास्त आणि कुठली अवाजवी, हे ठरवायचं असेल तर ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत. आपण सहसा मागणीकडे पाहतच नाही, मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. फिशर तऱ्हेवाईक, तिरसट, म्हणून त्याच्या अटी म्हणजे माज. एखादा खेळाडू सौम्य, म्हणून त्याचं म्हणणं रास्त. ही फूटपट्टी खोटी आहे. पाहायचं ते एवढंच, की अट मान्य झाली तर ती पटाच्या दोन्ही बाजूंना सारखीच लागू होते का. आणि होत नसेल, तर तो फरक खेळाच्या गरजेतून आला आहे की मागणाऱ्याच्या सोयीतून.

जगज्जेत्याने अटी घालणं ही फिशरने काढलेली टूम नव्हे. १९४६ पर्यंत जगज्जेतेपद ही कुठल्याही संघटनेची मालमत्ता नव्हती, ती जगज्जेत्याची खासगी मिळकत होती. कुणाशी खेळायचं, कधी, कुठे आणि किती पैशांवर, हे सगळं तोच ठरवी. १९११ साली तेव्हाचा जगज्जेता इमॅन्युएल लास्करने तरुण कापाब्लांकापुढे अटींची भलीमोठी यादी ठेवली. आव्हानवीर एकाच डावाने पुढे राहिला तर सामना बरोबरीत समजायचा, असं त्यातलं एक कलम होतं. कापाब्लांकाने ते अन्यायाचं आहे असं कळवताच लास्करचं त्या शब्दावरूनच बिनसलं आणि बोलणी फिसकटली. सामना व्हायला १९२१ साल उजाडलं. पुढे कापाब्लांका स्वतः जगज्जेता झाला, तेव्हा १९२२ मध्ये त्याने लंडनमध्ये नियम तयार करून घेतले. आव्हानवीराने दहा हजार डॉलरची थैली उभी करायची, त्यातले २० टक्के आधी जगज्जेत्याने उचलायचे आणि उरलेले विजेता-पराभूतांत वाटायचे. ही रक्कम जमवणं भल्याभल्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. अलेक्झांडर अलेखाइनला ती अर्जेंटिनातल्या पाठीराख्यांमुळे जमली, आणि १९२७ साली ब्वेनोस आयरेसमध्ये ३४ डाव खेळून त्याने कापाब्लांकाला उतरवलं. मग पारडं फिरलं. कापाब्लांका पुन्हा सामना मागत राहिला, अलेखाइन त्याच दहा हजारांच्या नियमावर बोट ठेवत राहिला, डॉलरची किंमत घसरल्यावर तर ते सोन्याच्या हिशेबात मागू लागला. तो सामना कधीच झाला नाही. कापाब्लांकाने बांधलेला बंधारा असा त्याच्याच वाटेत आला.

या परंपरेत वेगळा उठून दिसणारा माणूस म्हणजे हेच यूवे. १९३५ साली त्यांनी अलेखाइनला एका गुणाने हरवलं. परतीचा सामना देण्याचं कबूल केलं होतं, तो त्यांनी १९३७ मध्ये सरळ दिला आणि ते हरलेही, चांगल्या सहा गुणांनी. पैशांची घासाघीस नाही, तारखांचा घोळ नाही. असा माणूस १९७४ साली फिडेच्या खुर्चीत होता, ही फिशरच्या दृष्टीने नशिबाचीच गोष्ट म्हणायची. यूवेंनी त्याच्यासाठी याआधीही नियम वाकवले होते. फिशर १९६९ मधल्या अमेरिकेच्या पात्रता स्पर्धेत खेळलाच नव्हता. पाल बेन्कोने आपली जागा सोडली आणि फिडेने फिशरला पुढच्या फेरीत घेतलं. १९७२ साली आइसलंडची राजधानी रेक्याविक इथे तेव्हाचा जगज्जेता बोरिस स्पास्की याच्याविरुद्धचा सामना ठरला, उद्घाटन झालं, तरी फिशरचा पत्ता नव्हता. त्याला प्रवेशशुल्कातला वाटा हवा होता. यूवेंनी सामना पुढे ढकलला, लंडनच्या जिम स्लेटर या धनिकाने बक्षिसाची रक्कम दुप्पट केली, अमेरिकी सरकारातल्या हेन्री किसिंजरने फोन केला, तेव्हा कुठे फिशर विमानात बसला. पहिला डाव हरला, कॅमेऱ्यांच्या आवाजावरून दुसऱ्या डावाला आलाच नाही, तिसरा प्रेक्षकांपासून दूर आतल्या खोलीत खेळला. आणि तिथून पुढे स्पास्कीला त्याने १२॥–८॥ असं लोळवलं.

या साऱ्या थयथयाटाकडे आज थंड डोक्याने पाहिलं तर एक गोष्ट मान्य करावी लागते: रेक्याविकमधल्या फिशरच्या बहुतेक मागण्या कसोटीला उतरतात. आवाज नको, कॅमेरा डोक्यावर नको, उजेड नीट हवा, खेळाडूला पैसा बरा मिळावा. यातलं काहीही फक्त फिशरच्या फायद्याचं नव्हतं. शांतता स्पास्कीलाही मिळाली, दुप्पट झालेल्या बक्षिसातला हरलेल्याचा वाटा स्पास्कीच्याच खिशात गेला. पुढच्या पिढ्यांतले खेळाडू बुद्धिबळावर पोट भरू शकले, त्यात या हट्टी माणसाचा मोठा हात आहे. त्याचा उशीर मात्र या कसोटीत बसत नाही. आपल्याकडच्या साध्या जिल्हा स्पर्धेतही ठरलेल्या मुदतीत पटाशी न पोचलेल्याचा डाव जातो. दुसरबीडहून पहाटेची एसटी पकडून बुलढाण्याला निवड स्पर्धेसाठी निघालेल्या मुलाची गाडी वाटेत बंद पडली तर पंच घड्याळ थांबवणार नाही, आणि थांबवूही नये. त्या मुलाजवळ नियमांच्या पुस्तकाखेरीज काही नसतं. जगज्जेत्यासाठी ते पुस्तक मिटलं जातं तेव्हा त्याची किंमत अशा ठिकाणी कमी होते. म्हणून जगज्जेत्याची अट हा दोन बड्यांमधला खासगी सौदा आहे, असं म्हणून सोडून देता येत नाही.

आता १९७५. तोवर विजेतेपदाचा सामना २४ डावांचा असे. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. १२–१२ झाले तर किताब जगज्जेत्याकडेच राही. फिशरने हे सगळं उलटवायचं ठरवलं. त्याच्या मुख्य अटी तीन. दहा डाव जिंकेल तो विजयी, बरोबरीचे डाव हिशेबात नाहीत. डावांच्या संख्येला मर्यादा नाही. आणि दोघांचे नऊ-नऊ विजय झाले तर सामना तिथेच थांबवायचा, किताब जगज्जेत्याकडे राहील आणि बक्षीस निम्मं निम्मं. सिंदखेड राजा-दुसरबीडकडच्या जत्रांत कुस्त्यांची दंगल पाहिलेल्या वाचकाला पहिल्या दोन अटी सांगाव्याच लागणार नाहीत. फिशरला निकाली कुस्ती हवी होती, पाठ टेकल्याशिवाय फैसला नाही. तिसरी अट मात्र अशी, की झुंज रंगात आलेली असताना गदा ज्याच्या घरात आहे त्या पहिलवानाने म्हणावं, आता बरोबरी झाली, सोडवा, गदा राहू द्या माझ्याकडेच.

पहिल्या दोन अटींमागे खरी तक्रार होती. गुणांच्या सामन्यात एक डाव जिंकायचा आणि मग बरोबऱ्यांची तटबंदी उभारून बसायचं, हे सहज साधे. फिशरला त्या बचावाच्या खेळाची चीड होती, आणि प्रेक्षक म्हणून आपल्यालाही ती असायला हरकत नाही. दोन्ही अटी दोघांना सारख्या लागू होत्या. प्रश्न तिसरीचा. तिचा अर्थ नीट उलगडून पाहू. नऊ-नऊला सामना थांबणार असेल, तर जगज्जेत्याचा नववा विजय झाला की त्याचा किताब सुरक्षित झाला. त्यानंतर एक तर तो दहावा डाव जिंकेल, नाहीतर समोरचा फार तर नऊपर्यंत पोचेल. म्हणजे जगज्जेत्याला नऊ विजय पुरेसे, आव्हानवीराला दहा हवेत, आणि तेही प्रतिस्पर्धी फार तर आठावर असतानाच. दोघे अगदी तुल्यबळ धरले, निकाली लागणारा प्रत्येक डाव नाणेफेकीसारखा मानला, आणि हिशेब केला, तर आव्हानवीर जिंकण्याची शक्यता शंभरात सुमारे ४१ निघते, जगज्जेत्याने किताब राखण्याची ५९. पट मांडण्याआधीच एवढी उतरण.

इथे फिशरच्या बाजूने एक भक्कम आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जुन्या २४ डावांच्या नियमात तरी समानता कुठे होती? १२–१२ ला किताब राखण्याची सवलत होतीच की. १९५१ मध्ये ब्रॉनस्टाइनविरुद्ध आणि १९५४ मध्ये स्मिस्लोवविरुद्ध सामने १२–१२ सुटले आणि दोन्ही वेळा बोट्विनिक जगज्जेता राहिला. वरचाच नाणेफेकीचा हिशेब इथे लावा. २४ पैकी समजा दहा डाव निकाली लागले, बाकी बरोबरीत गेले. पाच-पाच होण्याची शक्यता शंभरात जवळजवळ २५, म्हणजे आव्हानवीराच्या वाट्याला सुमारे ३८. अर्थात फिशरच्या अटीपेक्षा जुना नियमच जगज्जेत्याला जास्त धार्जिणा ठरतो! शिवाय नऊ-नऊची तरतूद जुनीच असल्याचा दाखलाही त्याच्या पाठीराख्यांना देता येत होता. १८८६ साली स्टाइनिट्झ आणि झुकेरटोर्ट दहा विजयांच्या अटीवरच खेळले होते. फिशरला लोभी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच केला असेल.

आकड्यांपुरतं बोलायचं तर फिशर सरस ठरतो. पण सवलतीच्या आकाराइतकंच तिचं कारण महत्त्वाचं असतं. २४ डावांचा सामना संपतो, कारण डाव संपतात. बरोबरी झाली तर काहीतरी ठरवावंच लागतं, आणि काही ठरवायचं तर ‘हरवल्याशिवाय हटवायचं नाही’ हा निदान एक समजण्याजोगा नियम आहे. अमर्याद डावांच्या सामन्यात बरोबरी ही अडचणच उरत नाही. नऊ-नऊ झाले तर आणखी एक डाव खेळा, निकाल लागेल. निकालीच कुस्ती हवी असं म्हणणाऱ्याने शेवटच्या क्षणी बेनिकाली सोडवण्याचा हक्क आपल्याकडे ठेवणं, हे त्याच्याच युक्तिवादाशी विसंगत होतं. एवढ्या लांब सामन्याचा फैसला शेवटच्या एका डावाच्या नशिबावर सोडू नये, हे त्यावरचं उत्तर. ठीक. मग दोन विजयांची आघाडी दोघांनाही बंधनकारक करा, दहा-नऊवर कुणीच जिंकू नये. फिशरच्या अटीत तो स्वतः दहा-आठवर जिंकत होता, नऊ-नऊवर राखत होता, आणि आव्हानवीराला मात्र दोनची आघाडी लागत होती. नशिबाची भीती एकाच बाजूला वाटत असेल तर तिला तत्त्व म्हणता येत नाही.

एवढं असूनही माझ्या मते फिशरची खरी चूक या कलमात नाहीच. चूक अटी मांडण्याच्या रीतीत आहे. १९७४ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नीस इथे फिडेची परिषद भरली असताना त्याने कळवलं, की अटींवर वाटाघाटी होणार नाहीत. आणि सगळ्या मान्य झाल्या नाहीत तेव्हा किताब सोडत असल्याची तार केली. फिडेने तरी दार लावलं नाही. मार्च १९७५ मध्ये हॉलंडमधल्या बेर्गेन इथे खास परिषद बोलावली गेली. दहा विजय मान्य झाले, अमर्याद डाव मान्य झाले, नऊ-नऊ निसटत्या मतांनी फेटाळलं गेलं. सोव्हिएत गटाचा विरोध असताना तीनपैकी दोन अटी पदरात पडल्या होत्या, फिलिपिन्सच्या मनिलाने पन्नास लाख डॉलरचं बक्षीस देऊ केलं होतं. बुद्धिबळाने एवढा पैसा कधी स्वप्नातही पाहिला नव्हता. फिशर गप्प राहिला. मुदत संपली आणि ३ एप्रिल १९७५ रोजी कार्पोव एक प्यादंही न हलवता जगज्जेता झाला. ज्या मागणीला ‘दोन घ्या, एक सोडा’ असं उत्तर देताच येत नाही ती मागणी उरत नाही, तो नकार असतो. त्याला खेळायचंच नव्हतं, हरण्याची धास्ती होती, असं पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. त्याच्या अटीचा परिणाम तेवढा आपल्यासमोर आहे: सामना झाला नाही.

बेमुदत सामन्याचं पुढे काय झालं, हेही थोडक्यात पाहायला हवं. फिडेने दहाऐवजी सहा विजयांचा नियम आणला. १९७८ साली फिलिपिन्समधल्या बागियोत कार्पोव आणि कोर्चनॉय ३२ डाव खेळले, तेव्हा ६–५ असा निकाल लागला. १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव बसले ते पाच महिने उठलेच नाहीत. ४८ डाव, त्यातले ४० बरोबरीत, ५–३ वर गाडी अडली, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये अध्यक्ष कंपोमानेस यांनी सामनाच बंद केला. पुन्हा २४ डावांची मर्यादा आली. फिशर म्हणत होता ते दहा विजय या गतीने कधी झाले असते कोण जाणे. त्याच्या बाजूने एक पुरावा आहे. १९९२ साली त्याने स्पास्कीशी युगोस्लाव्हियात आपल्याच अटींवर, नऊ-नऊसह, खासगी सामना खेळला आणि ३० डावांत १०–५ असा जिंकला. पण तेव्हा एक वीस वर्षं खेळापासून दूर होता आणि दुसऱ्याचा बहर ओसरला होता. बरोबरीत अडकवणारा बचाव त्यांच्यात उरला नव्हता. आणि कार्पोवला साधा साळसूद समजायचंही कारण नाही. परतीच्या सामन्याचा जो हक्क फिडेने १९६३ च्या सुमारास बोट्विनिककडून काढून घेतला होता, तो कार्पोवच्या काळात पुन्हा जगज्जेत्याला मिळाला. नऊ-नऊवर बोट ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यावर तोंड उघडलं, हा प्रश्नच आहे.

आता रोहिणी खाडिलकर. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, पहिली विजेती वासंती, आणि पुढची सुमारे दहा वर्षं हा किताब या एकाच घरात फिरत राहिला. १९७६ मध्ये रोहिणी खुल्या गटात, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, उतरली. तिने ज्यांना हरवलं त्यांत रामचंद्र सप्रे होते, १९५५ सालच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते. तेरा वर्षांच्या मुलीसमोर बसून हरणं काहींना झेपलं नसावं. मुलीला या स्पर्धेत खेळण्याचा अधिकार आहे का, यावरून वाद पेटला, उच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथे तिची बाजू टिकली. आणि यूवेंनी निवाडा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून वगळता येणार नाही. पुढे १९८१ आणि १९८३ साली रोहिणी आशियाई विजेती झाली.

या मागणीत काय होतं? तेच घड्याळ, तोच पट, तेच गुण. समोरच्याचा एक गुण कमी होत नव्हता. फक्त एक जास्तीचा माणूस स्पर्धेत येत होता. आणि तरी विरोध झाला तो फिशरला झाला त्याच्या तोडीचा, निदान त्या वर्तुळात तरी. यावरून दिसतं की मागणी किती मोठी आहे यापेक्षा मागणाऱ्याची जागा कोणती, यावर लोक चिडतात. यावर दुसऱ्या बाजूने विचारलं जातं: महिलांसाठी स्वतंत्र किताब असताना त्यांनी खुल्या गटातही यायचं, म्हणजे दोन्ही डगरींवर हात नव्हे का? नव्हे. महिला गट हा वर्षानुवर्षं पटापासून दूर ठेवलेल्यांसाठी केलेला जादा दरवाजा आहे. त्यामुळे मुख्य दरवाजावर ‘फक्त पुरुष’ अशी पाटी आपोआप लागत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा असते म्हणून पुढे जगज्जेता झालेल्या गुकेशला लहानपणी कुणी मोठ्यांत खेळू नको म्हटलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. खेळाडूने मागण्या करूच नयेत, जे मिळेल त्यात खेळावं, पटावर बोलावं, असं आपल्याकडे फार मानतात, आणि त्यासाठी विश्वनाथन आनंदचा दाखला देतात. आनंदने २०१० मध्ये जगज्जेतेपदाचा सामना टोपालोव्हशी टोपालोव्हच्याच देशात, बल्गेरियातल्या सोफियात, खेळायचं मान्य केलं. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद पडली, मोटारीने युरोप ओलांडून तो पोचला. त्याने तीन दिवस मागितले, मिळाला एक. पहिला डाव हरला, सामना जिंकला. हे थोरपणाचं आहेच. पण न मागण्याची किंमतही आनंदनेच मोजलेली आहे. १९९७ च्या डिसेंबरमध्ये ग्रोनिंगेनला तो जगज्जेतेपदासाठीच्या बाद पद्धतीच्या लांबलचक स्पर्धेत एकेकाला हरवत वर आला, आणि दोन-चार दिवसांत लोझानमध्ये ताज्यातवान्या कार्पोवपुढे बसला, कारण फिडेने कार्पोवला थेट अंतिम सामन्यात जागा दिली होती. सहा डावांत ३–३ आणि मग जलद डावांत पराभव. रशियाच्या क्रामनिकने हे वेळापत्रक पाहून खेळायलाच नकार दिला होता. तो आडमुठा ठरला, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. सुसान पोल्गारचं उदाहरण तर याहून कडू. १९९६ ची महिला जगज्जेती. १९९९ मध्ये बाळंतपणामुळे तिने सामन्यासाठी मुदत मागितली, फिडेने दिली नाही, आणि किताबाचा फैसला दुसऱ्या दोघींच्या सामन्यात करून टाकला. बाळंतपणाची सवड ही नऊ-नऊची सवलत नव्हती. ती समोरच्या खेळाडूचा एकही विजय कमी करत नव्हती.

म्हणून ‘मागणी केली’ हा दोषही नाही आणि ‘मागणी केली नाही’ हा सद्गुणही नाही. पुण्याची सौम्या स्वामिनाथन, २००९ ची कनिष्ठ गटातली मुलींची जगज्जेती, २०१८ मध्ये इराणमध्ये हमादानला होणाऱ्या आशियाई सांघिक स्पर्धेतून बाहेर पडली, कारण तिथे डोक्यावर रुमाल सक्तीचा होता. यजमान देशाचे कायदे पाळावेत, असं तिला सुनावणारे निघाले. कायदा पाळायलाच हवा. पण म्हणूनच अशा ठिकाणी स्पर्धा द्यावी का, हा प्रश्न संघटनेला विचारायचा असतो. सौम्याने स्पर्धा अडवली नाही, दुसरी खेळाडू तिच्या जागी जाऊ शकत होती. किंमत तिने स्वतःच्या पदरची मोजली. याउलट २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन पोशाखाच्या नियमात न बसणारी जीन्स लगेच बदलायला तयार झाला नाही, जलद स्पर्धेतून बाहेर पडला, मग नियम शिथिल झाल्यावर विद्युतगती स्पर्धेला परतला, आणि अंतिम सामना लांबत चालला तेव्हा नेपोम्नियाचीसह किताब वाटून मागितला. फिडेने दिला. जीन्सच्या बाबतीत मी कार्लसनच्या बाजूने आहे. कापडाने चाल बिघडत नाही, आणि सवलत सगळ्यांना मिळाली. वाटून घेतलेला किताब मात्र पटत नाही. त्या दोघांत ती अट समान होती खरी, पण बाद फेरीत हरून आधीच घरी गेलेल्या खेळाडूंना ‘आपण वाटून घेऊ’ असं म्हणायची सोय नव्हती. २०२२ मध्ये हाच कार्लसन विजेतेपदाचा सामना खेळणार नाही असं म्हणाला, तेव्हा तो जास्त सरळ वागला. सामन्याची पद्धत बदलावी असं त्याला वाटत होतं, फिडेशी बोलणं झालं, जमलं नाही, तो बाजूला झाला. किताब डिंग लिरेनकडे आणि २०२४ मध्ये गुकेशकडे गेला.

दरम्यान नऊ-नऊचा पेच फिडेने निमूटपणे सोडवून टाकला आहे. २००६ पासून विजेतेपदाचा सामना बरोबरीत सुटला की किताब आपोआप कुणाकडेच राहत नाही. कमी वेळाचे डाव होतात. २०१२ मध्ये आनंदने गेल्फंडविरुद्ध, २०१६ आणि २०१८ मध्ये कार्लसनने आपला किताब असाच जलद डावांत राखला, जुन्या सवलतीवर नव्हे. जलद डावांनी संथ खेळाचा जगज्जेता ठरवावा का, यावर शुद्धतावादी अजून नाक मुरडतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोन्ही बाजूंना घड्याळात सारखीच मिनिटं असतात. पैशांच्या बाबतीत हे अजून झालेलं नाही. २०२५ मध्ये गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला एक लाख २० हजार डॉलर होते, त्याच वर्षी जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाच्या विजेतीला ५० हजार. या फरकाविरुद्ध उद्या एखादी जगज्जेती अडून बसली तर तिच्या मागणीला हीच कसोटी लावावी लागेल, आणि माझ्या मते ती उतरेल.

बाटुमीतली ती विजेती विदर्भातलीच, नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. स्पर्धेत तिचं मानांकन पंधरावं होतं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी, तिच्याहून कितीतरी अनुभवी. संथ गतीचे दोन डाव बरोबरीत सुटले. जुन्या पद्धतीचा विचार केला तर अशा वेळी मोठ्या नावाला काहीतरी झुकतं माप असायचं. इथे कुणालाच नव्हतं. २८ जुलै २०२५ रोजी जलद डाव झाले, पहिला बरोबरीत, दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. त्या एका निकालाने ती ग्रँडमास्टर झाली. जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेतली जागा तर अंतिम फेरी गाठतानाच पक्की झाली होती.